प्रति: गॅस गिझरचं टेंपरेचर किती ठेवावं?
वर कोणीतरी 60 वर ठेवा म्हणजे जंतू मरतात असं लिहिलंय, ते टाकीवाल्या गिझरचं आहे हो, ज्यात पाणी तासन्‌तास साठून राहतं. ड्राय बाल्कनीत लटकवलेला आपला गॅस गिझर इन्स्टंट, त्यात पाणी साठतच नाही, मग 60 कशाला? 60 ला पाचेक सेकंदात कातडी भाजते, 49 ला काही मिनिटं लागतात, म्हणून 49 च्या वर जाऊ नका म्हणतात. घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर 42-43 बास, अंघोळीला आरामात पुरतं.

आता गंमत अशी की बऱ्याच मॉडेलवरचा आकडा फक्त दिसण्यापुरता, तो सेट होत नाही, खरं काम गॅसचा आणि पाण्याचा असे दोन नॉब करतात. डिसेंबरात गॅस फुल केलेला नॉब मे मध्ये तसाच राहिला की संपलंच, पुण्यात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आधीच कोमट येतं. शिवाय वरच्या मजल्यावर प्रेशर कमी, त्यात किचनमध्ये कोणी नळ सोडला की धार बारीक होऊन एकदम चटका. म्हणून गॅस कमी, पाणी जास्त, आणि आधी बादलीत काढून थर्मामीटर बुडवून बघा (तापाचा नाही, स्वयंपाकाचा!).

आणि बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर टेंपरेचर राहू दे, आधी तो बाहेर काढा, बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो.