सल्ला हवा: ब्रिटिश स्वतंत्र लघुपट-माहितीपट, दोन संध्याकाळींसाठी

गोदाकाठ:
नाशिकला चित्रपट मंडळाच्या दोन संध्याकाळी ब्रिटिश लघुपट आणि माहितीपटांना द्यायच्या आहेत. प्रत्येकी पावणेदोन तास, चर्चा धरून. साठ खुर्च्या, साधा प्रोजेक्टर. प्रेक्षक सगळ्या वयांचे, इंग्रजी वाचणारे. पण ग्लासगोचे उच्चार कानाला झेपतीलच असं नाही. मोठ्या स्टुडिओंचं काही नको. काय लावावं आणि कोणत्या क्रमानं?

रीळदार:
सनावळीनं लावलंत तर इतिहासाचा तास होईल. एकच प्रश्न धरा: पडद्यावर बोलतंय कोण? आपल्याकडे मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट लागायचा, त्यातला सर्वज्ञ निवेदक आठवा. त्याच्याशी ब्रिटिश माहितीपटानं जे भांडण काढलं, तीच तुमची पहिली संध्याकाळ.

सुरुवात 'हाउसिंग प्रॉब्लेम्स'नं (१९३५, सुमारे १५ मिनिटं). लंडनच्या स्टेपनी भागातले भाडेकरू आपल्याच खोलीत उभे राहून उंदीर-ढेकणांबद्दल थेट कॅमेऱ्याला सांगतात. त्या काळात हे नवीन होतं. पैसा गॅस कंपन्यांच्या संघटनेचा, म्हणून उपाय सांगायला साहेबी आवाज येतोच. हे आधी सांगून टाका, म्हणजे लोक कान देऊन ऐकतील.

मग 'लिसन टु ब्रिटन' (१९४२, २० मिनिटं), हम्फ्री जेनिंग्ज आणि स्टुअर्ट मॅकॅलिस्टर यांचा. निवेदन अजिबात नाही. कारखान्याच्या कँटीनमधलं गाणं आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीत पियानोवादक मायरा हेस वाजवत असलेला मोत्सार्ट, सगळं काम आवाजाच्या जोडणीवर. फसगत एकाच ठिकाणी होते: काही प्रतींत सुरुवातीला एक गृहस्थ प्रस्तावना म्हणून भाषण करतात. परदेशी प्रेक्षकांसाठी जोडलेला तुकडा आहे तो. ज्या फिल्मला निवेदक नको होता तिलाच निवेदक चिकटवलाय! तेवढं वगळून पुढून सुरू करा.

त्यानंतर लिंडसे अँडरसनचा 'ओ ड्रीमलँड' (१९५३, १२ मिनिटं): समुद्रकाठच्या मार्गेट गावची जत्रा आणि यांत्रिक बाहुल्याचं थांबता न थांबणारं हसू. मग 'क्रीचर कम्फर्ट्स' (१९८९, ५ मिनिटं). खऱ्या माणसांच्या मुलाखती, त्या मातीच्या प्राण्यांच्या तोंडी. सभागृह हसतं आणि सैलावतं. शेवटी जॉन स्मिथचा 'द गर्ल च्युइंग गम' (१९७६, १२ मिनिटं). लंडनच्या डाल्स्टन भागातला रस्ता, येणारी-जाणारी माणसं आणि त्यांना हुकूम सोडणारा आवाज. याच्याबद्दल आधी एक अक्षर बोलू नका, पत्रकावरही फक्त नाव छापा. बेरीज ६४ मिनिटं, चर्चेला ४१ उरतात.

कोपरापासून_नमस्कार:
यादी झकास, पण पहिले दोन 'स्वतंत्र' कुठे? एक गॅसवाल्यांचा, दुसरा सरकारी क्राउन फिल्म युनिटचा.

रीळदार:
मान्य. कडक अर्थ घ्यायचा तर ५ फेब्रुवारी १९५६ पासून सुरुवात करा. त्या दिवशी लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरात 'फ्री सिनेमा' या तरुण दिग्दर्शकांच्या चळवळीचा पहिला खेळ झाला. 'ओ ड्रीमलँड' त्यातलाच. त्याच खेळातला 'मॉमा डोन्ट अलाऊ' (२२ मिनिटं, वुड ग्रीनचा जॅझ क्लब) जेनिंग्जच्या जागी घ्या, बेरीज दोनच मिनिटांनी वाढते. १६ मिमीचा किल्लीवर चालणारा बोलेक्स कॅमेरा, एका दमात २२ सेकंदांपुढे शॉट नाही. आवाज वेगळा घेऊन वर चढवलाय. ओठ जुळले नाहीत तर फाइलला दोष देऊ नका. बाकी 'स्वतंत्र' हा शब्द ताणू नये. पुढच्याच वर्षी कॉव्हेंट गार्डनच्या मंडईवर अँडरसननं केलेल्या माहितीपटाला फोर्ड मोटार कंपनीचे पैसे होते.

वांग्याचं_भरीत:
दुसरी संध्याकाळ माणसांची ठेवा. मार्गारेट टेटचा 'अ पोर्ट्रेट ऑफ गा' (१९५२, साडेचार मिनिटं): ऑर्कनी बेटांवर आपल्या आईचं चित्र. गोळीला चिकटलेला कागद सोडवणारी बोटं बघा, बस. मग लिन रॅम्सेचा 'गॅसमन' (१९९७, १५ मिनिटं): ग्लासगो, नाताळ, बापाबरोबर रुळांवरून चालणारी पोरं. पुढचं सांगत नाही. मग अँड्रिया अर्नॉल्डचा 'वॉस्प' (२००३, सुमारे २५ मिनिटं), २००५चा ऑस्कर. चार लेकरांना पबबाहेर थांबवून जुन्या मित्राला भेटायला गेलेली आई. शिवीगाळ आहे, लहान मुलं येणार असतील तर पत्रकावर लिहा. शेवटी मार्क आयझॅक्सचा 'लिफ्ट' (२००१, २५ मिनिटं): पूर्व लंडनच्या उंच इमारतीची लिफ्ट, आत कॅमेरा घेऊन उभा दिग्दर्शक, आधी नजर चुकवणारी आणि मग बोलू लागणारी माणसं. 'वॉस्प'नंतर लगेच लावू नका, दहा मिनिटं चहाला सोडा.

पुनर्विकासावर चर्चा हवी असेल तर 'लिफ्ट'ऐवजी जॉन स्मिथचा 'ब्लाइट' (१९९६, १४ मिनिटं). लंडनमध्ये एम-११ महामार्गाच्या जोडरस्त्यासाठी पाडलेली घरं आणि रहिवाशांच्या बोलण्याचे तुकडे करून बांधलेलं संगीत. पागडीच्या खोलीत वाढलेल्याला वेगळं समजवावं लागणार नाही.

पिक्सेलपंत:
तांत्रिक. जुन्या फिल्मच्या चित्राची रुंदी-उंची ४:३ आहे, आजच्या पडद्याहून अरुंद. प्रोजेक्टर 'फुल'वर राहिला तर माणसं बुटकी आणि जाडी दिसतात. 'ओरिजिनल' करा, डाव्या-उजव्या काळ्या पट्ट्या राहू द्या.

सबटायटल मराठीत करणार असाल तर फाइलची गती आधी तपासा. सेकंदाला २४ फ्रेमवर बेतलेली सबटायटल २५ फ्रेमच्या फाइलला लावली की मिनिटाला २.४ सेकंद मागे पडत जातात, 'वॉस्प'च्या शेवटी पूर्ण मिनिटभर. सबटायटल एडिट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमगती बदलून मिळते. मजकूर यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात साठवा, देवनागरी नीट राहते. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या डब्यांवर जोडाक्षरं फुटतात किंवा नुसते चौकोन येतात, म्हणून अक्षरं चित्रातच कोरून घ्या. दोनच ओळी, मोठा ठसा.

चकत्या मागवताना: ब्लू-रे चकती आणि प्लेयर यांचा विभाग (रीजन) जुळावा लागतो. ब्रिटिश ब्लू-रे विभाग बी, भारत सी. 'गॅसमन' आणि 'वॉस्प' हे त्याच दिग्दर्शिकांच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांच्या, म्हणजे अनुक्रमे 'रॅटकॅचर' आणि 'फिश टँक'च्या, क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीच्या चकत्यांवर जोडलेले आहेत, पण त्या विभाग ए. सर्व विभाग वाचणारा प्लेयर नसेल तर पैसे पाण्यात. आणि चकती विकत घेतली म्हणजे जाहीर खेळाची परवानगी मिळाली असं नाही. जॉन स्मिथच्या फिल्मसाठी त्या वितरित करणाऱ्या लंडनच्या लक्स संस्थेला लिहा; तारीख, खुर्च्या, तिकीट आहे की नाही हे पहिल्याच पत्रात द्या.

जुन्या ध्वनिपट्ट्या दबक्या असतात. प्रत्येक फिल्मचा आवाज रिकाम्या सभागृहात ठरवून आकडा कागदावर लिहून ठेवा. 'लिसन टु ब्रिटन'चा आवाज वाढवून तसाच ठेवलात तर 'ओ ड्रीमलँड'च्या हसण्यानं पहिली रांग उठेल.

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार. 'हँड्सवर्थ साँग्ज' कुठे बसेल का? आणि भारतीय वंशाच्या लोकांवर काही?

वांग्याचं_भरीत:
'हँड्सवर्थ साँग्ज' (१९८६, तासाभराचा) यात कोंबू नका. ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्हचं काम, १९८५च्या बर्मिंगहॅम आणि लंडनमधल्या दंगलींवर. वृत्तचित्रं, कविता, जुनी छायाचित्रं सगळं तुटक. त्याला वेगळी संध्याकाळ आणि आधी पाच मिनिटांची पार्श्वभूमी द्या. दुसऱ्या प्रश्नाला गुरिंदर चढ्ढाचा 'आय ॲम ब्रिटिश बट' (१९८९, ३० मिनिटं). भांगडा, आणि देशी चेहऱ्यांची तरुण मुलं अस्सल स्कॉटिश, वेल्श, बेलफास्टी उच्चारांत बोलतात. 'लिफ्ट'च्या जागी चालेल, पाचच मिनिटं वाढतात. फक्त याला सबटायटल इंग्रजीतच ठेवा. उच्चारांची गंमत मराठी ओळी वाचताना निसटते.