औषध देतानाच्या चुका: यंत्रं वाढवायची की माणसं?

सर्किटवाला: इन्फ्युजन पंप (शिरेतून मोजून औषध सोडणारं यंत्र) बनवणाऱ्या टीममध्ये आहे, त्यामुळे माझी बाजू उघड आहे. हॉस्पिटलांतल्या चुकांनी अमेरिकेत वर्षाला 44,000 ते 98,000 मृत्यू होतात, असा अंदाज तिथल्या एका अहवालात 1999 मध्येच मांडला होता. तरी उपाय काय, तर 'नीट लक्ष द्या'! पहाटे तीनला कोण किती लक्ष देणार? मनगटावरच्या पट्टीचा बारकोड औषधाशी जुळला तरच डोस, असं यंत्रानेच अडवायला हवं. पैसा तिथे घाला.

नाईट_ड्युटी: पहाटे तीनला मीच असते, म्हणून सांगते. पट्टी घामाने भिजते, चुरगळते, स्कॅनर घेत नाही. पेशंट हात अंगाखाली घेऊन झोपलेला. मग जास्तीच्या पट्ट्या छापून ट्रॉलीला चिकटवतात आणि तिथेच 'टिक' वाजवतात. कॉम्प्युटरच्या लेखी सगळं जुळलं! वर मॉनिटरचा अलार्म. धावत जावं तर लीड, म्हणजे छातीला चिकटवलेली वायर, सुटलेली. परत धावा, परत लीडच. लांडगा आला रे आला. आणखी एक सिस्टर द्या, स्कॅनर नंतर.

सर्किटवाला: शॉर्टकट तुम्ही मारायचा आणि खापर स्कॅनरवर?

नाईट_ड्युटी: तुम्ही पट्टी कोरड्या टेबलावर तपासता. आमच्याकडे ती माणसाच्या हाताला असते.

भूल_देणारा: थेराक-25 आठवतंय का? कॅन्सरवर रेडिएशन देणारं यंत्र. आधीच्या मॉडेलमधली, चुकीचा डोस अडवणारी यांत्रिक कुलपं काढून भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली. 1985 ते 87 मध्ये सहा जणांना भयंकर ओव्हरडोस गेला. स्क्रीनवर 'मालफंक्शन 54' यायचं, ऑपरेटर 'पी' दाबून पुढे जायचे, कारण असले मेसेज रोजचेच. तुमचा अलार्म वेगळा नाही.
उलट माझ्या मशीनवर ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइडचा (भुलेच्या वायूचा) सिलिंडर बसतच नाही, पिनांच्या जागाच वेगळ्या. आवाज नाही, पासवर्ड नाही. मला विचाराल तर संशोधन या जातीचं हवं.

कागदच_बरा: एवढं कशाला? जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची सर्जरी चेकलिस्ट आठ हॉस्पिटलांत वापरली, तर मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले. खर्च एका कागदाचा.

सर्किटवाला: आणि कॅनडात ओंटारिओमध्ये तीच सक्तीची केली तेव्हा 101 हॉस्पिटलांत म्हणावा असा फरक दिसला नाही. टिक करायला कागदावर तर अजूनच सोपं.
पिनांचा मुद्दा मान्य. पण एकसारख्या दिसणाऱ्या दोन इंजेक्शनांतलं कुठलं कोणाचं, हे पिन कशी सांगणार? तिथे बारकोडच लागतो.

नाईट_ड्युटी: लागू दे की. फक्त पुढची चाचणी रात्रपाळीत घ्या, ओल्या पट्टीवर. आणि स्कॅन किती वेळा फसलं तेही मोजा. सध्या फक्त आम्ही किती वेळा टाळलं तेवढंच मोजतात.

सर्किटवाला: फसलेलं स्कॅन आमच्या लॉगमध्ये येतच नाही. बघतो.