अनुभव धागा: शैक्षणिक तंत्रज्ञान परिषदेहून पदरात काय पडलं?

धागाकर्ती: कोल्हापुरातल्या परवाच्या परिषदेला आपल्यातले बरेच जण होते. 'छान झाली' एवढं नको, वर्गात परतल्यावर काय उरलं ते लिहा. माझ्याकडं सध्या तीन पेनं, दोन कापडी पिशव्या आणि एक प्रश्न: चाळीस पोरांत एक टॅब कसा फिरवायचा? विचारला, तर वक्ते म्हणाले, "चांगला प्रश्न आहे." झालं!

गगनबावड्याचा मास्तर: बाई, आमच्याकडं पावसाळ्यात आधी लाईट जाते, मग रेंज. दीक्षा हे धड्यांचं सरकारी ॲप २०१७ पासून आहे, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोडही आहेत, हे स्टेजवरून आम्हाला नव्यानं कळलं! कोड थोडा फाटला, मळला तरी स्कॅन होतो. पण आमच्या चौथीतल्या एका बहाद्दरानं त्यातले सगळे पांढरे चौकोन निळ्या पेनानं भरून टाकलेत. म्हटलं, "का रं?" तर म्हणतो, "मोकळं दिसत होतं, गुरुजी." आता मी कोल्हापूरला आलो की धडे फोनवर डाउनलोड करून नेतो. ही युक्ती स्टेजवर नाही, चहाच्या रांगेत राधानगरीच्या एका मॅडमनी सांगितली.

कॉलेजवाला: बोललेलं आपोआप टाइप करणारं सॉफ्टवेअर दाखवलं ते सत्र भारी होतं. पुण्याच्या सरांचं मराठी बिनचूक उतरलं. मग आमच्यातला एक माईकवर म्हणाला, "काय लेका, कवा आलास?" पडद्यावर उमटलं, 'काय लेखा, हवा खलास.' हॉल नुसता फुटला. हसलो खरं, पण आमची पोरं तर अशीच बोलतात.

निवृत्त शिक्षक: उद्घाटनाला शाहू महाराजांच्या फोटोला हार घातला. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड. त्याच हॉलबाहेर एका स्टॉलवर मी ॲपची किंमत विचारली. "पर स्टुडंट, पर मंथ," पोरगा म्हणाला. मी चष्मा पुसत उभा राहिलो.

पेठेतला: जेवणात तांबडा-पांढरा होता. बाकी चालायचंच.

धागाकर्ती: @मास्तर, तिसरी-चौथीचे धडे डाउनलोड केलेत का? शनिवारी स्टँडवर येणार असाल तर फोन घेऊन या, माझ्या टॅबवर घेते.