विश्वचषकाला ११ कोटी, ऑलिंपिक पदकाला १ : तिजोरीचं गणित कोण मांडतं?

खांबाजवळचा गडी (धागाकर्ता)

जुलै २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेल्या संघातल्या मुंबईकरांचा विधान भवनात सत्कार झाला आणि राज्य सरकारने संघाला ११ कोटी जाहीर केले. बीसीसीआयने त्याआधीच १२५ कोटी जाहीर करून टाकले होते. महिनाही उलटला नाही तोच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. पैलवान खाशाबा जाधवांच्या १९५२च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी मराठी माणसाचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याला जाहीर झाला १ कोटी. पुढे ती रक्कम २ कोटींवर गेली, तरी हरयाणात कांस्याला अडीच कोटी मिळतात. स्वप्निलच्या वडिलांनी नाराजी बोलून दाखवली, तर लोक त्यांनाच हावरट म्हणायला लागले.

लोकांनी क्रिकेट बघू नये असं माझं म्हणणं नाही. बुमराहची ती शेवटची षटकं मीही उभ्यानेच पाहिली. पण प्रेक्षकाचा पैसा वेगळा आणि तिजोरीचा वेगळा. ज्यांच्या ताटात आधीच श्रीखंड आहे त्यांना सरकारने वर पुन्हा बासुंदी का वाढावी?

कव्हर ड्राइव्ह

आधी भागाकार करा. ११ कोटी भागिले १५ खेळाडू म्हणजे माणशी साधारण ७३ लाख. सपोर्ट स्टाफ धरला तर आणखी कमी. स्वप्निलला एकट्याला सुरुवातीलाच १ कोटी. मग अन्याय नेमका कुणावर झाला?

दुसरं, बीसीसीआय सरकारकडून अनुदान घेत नाही. आयपीएलचे २०२३ ते २०२७चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, ते कुणी डोक्याला बंदूक लावून विकत घेतले नाहीत. लोक बघतात म्हणून जाहिरातदार येतात. इथे खो-खोसाठी गळा काढणाऱ्यांपैकी तिकीट काढून सामना किती जणांनी पाहिलाय?

खांबाजवळचा गडी

मी पाहिलाय. २०२२ला अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम बालेवाडीतच झाला, तेव्हा गेलो होतो. प्रो-कबड्डीही तिकिटं काढून पाहतो. झालं समाधान?

भागाकार बरोबर आहे, मुद्दा चुकीचा आहे. त्या पंधरांत मुंबईचे चौघे. रोहित, सूर्या, दुबे, यशस्वी. चौघांचं कौतुक करा, जरूर करा, पण त्यांच्यापैकी कुणाला सरकारी ७३ लाखांनी काय फरक पडतो? नेमबाजाला पडतो. गोळ्या, रायफल, कडक जॅकेट, बूट, सगळं महाग आणि बरंचसं परदेशी. सरावातली प्रत्येक गोळी म्हणजे पैसा.

माती आणि मॅट

दोघंही राव बक्षिसावरच अडकलाय. पदक आल्यावर पैसे द्यायला कुणीपण तयार असतंय, फोटो निघतो. प्रश्न आधीच्या दहा वर्षांचा आहे. तालमीत पोरगं ठेवलं की खुराकाचं बजेट घरच्या बजेटपेक्षा मोठं होतं. दूध, तूप, बदाम, आठवड्याला मटण. बाप म्हैस विकतो, मग रान गहाण टाकतो. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी घर गहाण ठेवून ७ हजार उभे केले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मला ती ऐकताना लाज वाटते.

आणि कुस्तीची वाट क्रिकेटनं नाही लावली, आमच्याच लोकांनी लावली. २०२५ला फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाला. एका वर्षात दोन गदा, कारण संघटनाच दोन! अहिल्यानगरला शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षं बंदी ओढवून घेतली. चूक त्याचीच. पण पंचाच्या निर्णयावर कुस्तीशौकिनांत अर्धा दिवस हाणामारीची भाषा चालली होती, ती विश्वास उडाल्याशिवाय येत नाही. प्रायोजक कुठल्या केसरीला पैसे देणार?

कव्हर ड्राइव्ह

+१. हेच म्हणायचं होतं. आपलं घर सांभाळता येत नाही आणि बोटं क्रिकेटकडे.

चंदगडकर

थांबा थांबा, इतकं सोपं नाही ते. कबड्डीचं बघा. २०१४ला लीग आली. मातीची जागा मॅटने घेतली, तीस सेकंदांची चढाई, डू ऑर डाय, टीव्हीवर रात्री आठची वेळ. तोच खेळ, फक्त दाखवायची पद्धत बदलली. २०१९च्या लिलावात आमच्या चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईला १ कोटी ४५ लाख मिळाले. म्हणजे ‘लोक बघत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. दाखवलंच नाही तर बघणार काय?

आणि गंमत म्हणजे हे सगळं होत असताना राष्ट्रीय महासंघ वर्षानुवर्षं एकाच घरात. आधी नवरा अध्यक्ष, मग बायको. शेवटी २०१८ला दिल्ली उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. तरी खेळ वाढला. कारभार सुधारल्याशिवाय काही होणार नाही म्हणणाऱ्यांनी हेही बघावं.

निळी जर्सी

‘क्रिकेट म्हणजे पैसा’ हे समीकरण मला मान्य नाही. बायकांचं क्रिकेटही क्रिकेटच होतं ना? २००५ला मिताली राजचा संघ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत गेला, कुणाला पत्ता नव्हता. २००६ला महिलांची संघटना बीसीसीआयमध्ये आली, तरी डब्ल्यूपीएल, म्हणजे बायकांची आयपीएल, सुरू व्हायला २०२३ उजाडावं लागलं. पाच संघ विकले गेले ४,६७० कोटींच्या आसपास. नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत विश्वचषक आला तेव्हा सगळ्यांना एकदम ‘आपल्या मुली’ आठवल्या. याच मुली त्याआधीही खेळत होत्या.

कव्हर ड्राइव्ह

म्हणजे जिंकलं की पैसा येतो. माझाच मुद्दा झाला.

निळी जर्सी

उलट. पैसा आधी आला, लीग आली, मग जिंकलो. साल तपासा.

खांबाजवळचा गडी

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही, हे सांगून टाकतो. स्वप्निल घडला तो राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून. जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, दोन्ही चषक आपले, दोन्ही कर्णधार आपल्याकडचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. राज्याने आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी आणि नोकरी जाहीर केली. कर्नाटकने त्यांच्या दोन खेळाडूंना ५ लाख देऊ केले, तर त्यांनी महाराष्ट्राकडे बोट दाखवून ते नाकारले. खो-खोवाला म्हणून माझी छाती फुगली हे खरं.

पण आता दोन आकडे शेजारी ठेवा. ऑलिंपिक कांस्य, २ कोटी. खो-खोचा पहिलावहिला विश्वचषक, सव्वादोन. मला खो-खो जिवापाड आवडतो, तरी हे मला पटवून देता येत नाही. म्हणजे धोरण असं काही नाहीच, टाळ्या किती वाजल्या त्यावर आकडा ठरतो.

पीटीची बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, म्हणून खालून सांगते. तुमचे कोटी इथे पोचत नाहीत. आमच्या मैदानात खो-खोचे खांब पुरलेले होते. दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या साहेबांच्या नावाचा ‘चषक’ होतो, टेनिस बॉलचा. मंडप, डीजे, यूट्यूबवर लाइव्ह, पहिलं बक्षीस लाखात. खेळपट्टीच्या आड येतात म्हणून खांब उपटले. परत बसवून देतो म्हणाले. त्याच महिन्यात आमची तालुका स्पर्धा होती, मुलींनी दोन बाकं उभी करून सराव केला. बाकाला धरून वळायला गेलं की बाकच फिरतं. एकीचा अंगठा सोलला.

वर परीक्षा आली की पीटीचा तास गणिताला. खेळाचं आठवतं कधी, तर दहावीला क्रीडागुण हवे असतात तेव्हा. मग पालक प्रमाणपत्र मागायला येतात.

माती आणि मॅट

बाई, प्रमाणपत्राचं नाव काढू नका. नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी ट्रॅम्पोलिनची खोटी प्रमाणपत्रं निघाली होती या राज्यात. ट्रॅम्पोलिन! कधी उडी न मारलेले लोक फौजदार व्हायला निघालेले.

कव्हर ड्राइव्ह

ताई, खांबांचं ऐकून वाईट वाटलं. पण तो चषक बीसीसीआय भरवत नाही, तुमच्या गावचा पुढारी भरवतो. उद्या खो-खोला तेवढी गर्दी जमली तर तो खो-खोचा चषक भरवेल.

पीटीची बाई

जमते की. यात्रेत मुलींचा प्रदर्शनीय सामना ठेवला होता तेव्हा माणसं शाळेच्या कौलावर चढून बसली होती. साहेबही आले होते, नारळ फोडून गेले. गर्दी कमी पडत नाही हो. मैदान शाळेचं असून परवानगी द्यायची की नाही हे आम्हाला कुणी विचारत नाही. यंदा ग्रामसभेत लेखी अर्ज टाकलाय, आधी खांब बसवा, मग मंडपाची परवानगी. सरपंच म्हणाले बघू.

चंदगडकर

अर्जाची पोच घेतलीत ना? नसेल तर उद्याच घ्या, शिक्का मारून.