मदत हवी आहे: शेरूला घेऊन बडोद्याहून कुमाऊँच्या तलावांवर

नमस्कार मंडळी,

आमचा शेरू, लॅब्रेडॉर, यंदा श्रावणात सात वर्षांचा झाला. पाण्याचं इतकं वेड की नुसता बादलीचा आवाज आला तरी धावत येतो. पण सात वर्षांत एकदाही पोहलेला नाही. बडोदेकरांना कारण सांगायला नको: विश्वामित्री नदीत मगरी आहेत. पावसाळ्यात त्या रस्त्यांवर, सोसायट्यांत येतात, त्यामुळे काठाच्या नाल्याजवळूनही आम्ही त्याला नेत नाही. गच्चीवरचा प्लास्टिकचा टब हेच काय ते त्याचं तळं.

हल्ली जिना चढताना त्याचे मागचे पाय जड पडतात. डॉक्टरांनी खुब्याची झीज सांगितली आणि पोहणं त्याला मानवेल असंही म्हणाले. तेव्हापासून एकच मनात आहे, पाय पुरते थकायच्या आत त्याला एकदा मोकळ्या पाण्यात सोडायचं.

गेल्या वर्षी माउंट अबूला गेलो होतो. तिथल्या नक्की तलावावर गर्दी आणि होड्या, तिथे त्याला पाण्यात घालणं शक्यच नव्हतं. हॉटेलवाल्यांनी फोनवर 'कुत्रा चालेल' म्हटलं होतं, पोचल्यावर मात्र पार्किंगमध्ये बांधायला सांगितलं. अबूला अस्वलं रात्री वस्तीत येतात. आम्ही दोघं आळीपाळीने गाडीत त्याच्याजवळ झोपलो. मला अजून राग येतो त्याचा.

आता ऑक्टोबरमध्ये नैनितालजवळचे भीमताल, नौकुचियाताल, सातताल असा विचार आहे. शेरूला गाडी लागते, म्हणून दिल्लीपर्यंत रेल्वेने जायचं आहे. फर्स्ट एसीत कुत्रा कसा नेतात? तलावात उतरवणं बरं का? आणि बिबट्याचं काय? कुणी नेला असेल तर जरूर सांगा.

प्रतिसाद

आम्ही आमच्या कुत्रीला दोनदा नेलंय. रेल्वेचं आधी सांगते, कारण तिथेच अडतं. कुत्रा फक्त फर्स्ट एसी किंवा फर्स्ट क्लासमध्ये, तोही अख्खा कूपे (दोन बर्थची खोली) किंवा अख्खी केबिन तुमची असेल तरच. दोघांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा आणि कूपेसाठी अर्ज द्या, कारण कूपे की चार बर्थची केबिन हे चार्ट लागताना ठरतं. केबिनमध्ये दुसरे प्रवासी आले आणि त्यांनी हरकत घेतली तर कुत्र्याची रवानगी ब्रेक व्हॅनमधल्या, म्हणजे गार्डच्या डब्यातल्या, पेटीत होते. पेटीत मात्र शेरूला पाठवू नका, भेदरून जातो जीव. लशींची फाइल आणि डॉक्टरांचा ताजा दाखला घेऊन पार्सल ऑफिसात वेळेआधी जा, त्याची पावती तिथेच होते.

नैनितालच्या तलावात उतरवू नका, ते गावाचं पिण्याचं पाणी आहे. बाकीकडे आधी स्थानिकांना विचारा. होड्या सुरू व्हायच्या आत, पहाटे जा. पाठीवर हँडल असलेलं लाइफ जॅकेट आणि लांब दोरी हवीच. लॅब्रेडॉर आहे म्हणून पहिल्याच दिवशी खोल पाण्यात नेऊ नका. पाच-दहा मिनिटं पुरेत. सवय नसताना थंड पाण्यात फार पोहला तर शेपटीचे स्नायू दुखावतात, ती ओल्या दोरीसारखी लोंबते. आमची दोन दिवस नीट बसूही शकली नव्हती. नंतर कान कोरडे करा, पंजे आणि काखा चाचपून गोचीड बघा. हिरवट साय आलेलं पाणी पिऊ देऊ नका. वर्षाच्या लशीत लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्यातून होणारा आजार) आहे ना, तेही बघून घ्या.

बिबट्या कुत्रे उचलतो. तिथले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा घालतात तो त्यासाठीच. अंधार पडल्यावर शू करायलासुद्धा दोरीशिवाय आणि बॅटरीशिवाय बाहेर काढायचं नाही. रात्री तो खोलीत, तुमच्याजवळ.

मूळ धागाकर्ती

ताई, मनापासून आभार. शेपटीचं तर कधी ऐकलंच नव्हतं. फाइल काढून बघितली, लेप्टोच्या डोसची मुदत जूनमध्येच संपलीय, उद्याच नेते. लाइफ जॅकेटही मागवलं, घालून टबात बसायची सवय आतापासून लावते.

आता एकच राहिलं: कुत्र्याला खोलीत घेतात असं भीमताल किंवा नौकुचियातालचं घर कुणाला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे का? तळमजल्यावरची खोली मिळाली तर फार बरं, त्याला जिना नको.