मलालाचे कौतुक नेमके कशासाठी करावे?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत इयत्ता सातवीला शिकवते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त आमच्याकडे बालिका दिनाचा कार्यक्रम असतो आणि दरवर्षी बहुतेक मुली सावित्रीबाईंवरच भाषण करतात. यंदा माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने आपणहून मलाला युसुफझाई हा विषय निवडला, याचा मला मनापासून आनंद झाला. तिने भाषण लिहूनही आणले. मात्र तीन पानांपैकी अडीच पाने ९ ऑक्टोबर २०१२ रोजी तालिबानने मलालावर केलेल्या गोळीबाराने भरलेली आहेत: शाळेची गाडी, पिस्तूल, रक्त, रुग्णालय, विमान आणि अगदी शेवटी दोन ओळींत नोबेल पारितोषिक. ते वाचून मी अस्वस्थ झाले, कारण गोळी झाडणे हे हल्लेखोराचे कृत्य होते. त्या मुलीने स्वतः काय केले, हे या भाषणात कुठेच येत नाही.

दुसरी अडचण माझ्या एका सहकाऱ्यांच्या बोलण्यातून निर्माण झाली. त्यांचे म्हणणे असे, की ती इंग्लंडमध्ये सुखाने राहते, मग आपल्या मुलींनी तिच्यापासून काय घ्यायचे? तिसरी चिंता माझी स्वतःची आहे. ही कथा ऐकून मुलांच्या मनात एखाद्या धर्माविषयी किंवा देशातील सगळ्याच माणसांविषयी अढी बसू नये, असे मला वाटते. हल्ल्यापूर्वीच्या मलालाविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वाचनवेडी

ताई, आपली अस्वस्थता रास्त आहे. मलालाचे काम त्या हल्ल्याच्या जवळजवळ चार वर्षे आधी सुरू झाले होते, आणि हल्ला झाला तो त्या कामामुळेच, हा क्रम भाषणात उलटा होता कामा नये.

तिचा जन्म १२ जुलै १९९७ चा, पाकिस्तानच्या वायव्येकडील स्वात खोऱ्यातल्या मिंगोरा शहरातला. वडील झियाउद्दीन तिथे खुशाल नावाची शाळा चालवत असत, आणि मलाला त्याच शाळेत शिकत होती. खोऱ्यात मुल्ला फजलुल्ला (पुढे तालिबानचा नेता झालेला) याने एफएम रेडिओवरून प्रवचने सुरू केली, तेव्हा प्रारंभी ती पुष्कळांना आवडत. पुढे त्याच रेडिओवरून संगीत, दूरचित्रवाणी, पोलिओचे डोस आणि मुलींचे शिक्षण यांविरुद्ध फर्माने निघू लागली. ज्या मुलींनी शाळा सोडली, त्यांची नावे घेऊन रेडिओवर अभिनंदन केले जाई. मला स्वतःला बंदुकीपेक्षा हा तपशील अधिक भयंकर वाटतो, कारण दहा वर्षांच्या मुलीने पाटी खाली ठेवली म्हणून सगळ्या गावासमोर तिचे कौतुक व्हावे, यात तिच्या शेजारच्या घरातील मुलीवर किती दडपण येत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. त्यानंतर शाळांच्या इमारती स्फोटांनी उडवल्या जाऊ लागल्या, आणि २००८ च्या अखेरीस जाहीर झाले की १५ जानेवारी २००९ पासून एकाही मुलीने शाळेत जायचे नाही.

याच सुमारास बीबीसीच्या उर्दू संकेतस्थळाला स्वातमधील एखाद्या शाळकरी मुलीची रोजनिशी हवी होती. मलालापेक्षा मोठी एक विद्यार्थिनी आधी तयार झाली होती, परंतु घरच्यांना भीती वाटल्यामुळे तिने माघार घेतली, आणि त्यात त्या घराचा काहीच दोष नव्हता. मग अकरा वर्षांच्या मलालाने ते काम स्वीकारले. खरे नाव उघड होऊ नये म्हणून ‘गुल मकई’ हे पश्तो लोककथेतील नायिकेचे नाव घेतले गेले. पहिल्याच नोंदीत तिने आपल्याला भीती वाटते असे स्पष्ट लिहिले आहे. आदल्या रात्री स्वप्नात लष्करी हेलिकॉप्टरे आणि तालिबान दिसले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सत्तावीसपैकी केवळ अकरा मुली आल्या होत्या, असे ती सांगते.

त्या नोंदींमध्ये मोठमोठी वचने नाहीत, म्हणूनच त्या मला मोलाच्या वाटतात. गणवेश घालू नका, साध्या कपड्यांत या, असे मुख्याध्यापिकांनी सांगितले, म्हणून तिने आपला आवडता गुलाबी पोशाख घातला. तर प्रार्थनेच्या वेळी सूचना आली की रंगीत कपडेही नकोत, तालिबानला खटकेल. १४ जानेवारीला हिवाळी सुटी जाहीर झाली, पण शाळा पुन्हा कोणत्या दिवशी उघडणार हे सांगितले गेले नाही, आणि त्यावरूनच मुलींना काय ते कळले. म्हणून त्या दिवशी त्या मैदानात नेहमीपेक्षा जास्त वेळ खेळत राहिल्या. आपल्या विद्यार्थिनीला हा एक प्रसंग सांगून पाहा. बंदूक त्यात नाही, तरीही काय हिरावले जात होते ते सातवीतल्या मुलीला पूर्ण समजेल.

पुढे लहान वर्गांतील मुलींना जाण्याची मुभा मिळाली, तेव्हा मलाला आणि तिच्या मैत्रिणी वय कमी असल्याचे भासवून, पुस्तके शालीखाली लपवून शाळेत जात राहिल्या. त्यानंतर लष्करी कारवाई झाली, लाखो लोक खोऱ्यातून बाहेर पडले, तिचे कुटुंबही काही महिने विस्थापित होते. परतल्यावरही ती पत्रकारांपुढे, सभांमध्ये स्वतःच्या नावाने आणि उघड्या चेहऱ्याने बोलत राहिली, आणि २०११ मध्ये पाकिस्तान सरकारने तिला युवा शांतता पुरस्कार दिला. म्हणजे देशाने तिची दखल घेतली ती गोळीच्या आधी.

जुनी पाटी

वाचनवेडी यांनी लिहिलेल्या गोष्टींत मला एक तारीख जोडावीशी वाटते. रोजनिशीची ती पहिली नोंद शनिवार, ३ जानेवारी २००९ ची आहे. सावित्रीबाईंचा जन्मदिवसही ३ जानेवारी, सन १८३१. हा केवळ योगायोग आहे आणि त्यातून कोणताही अर्थ काढू नये, परंतु आपल्या कार्यक्रमात बोलणाऱ्या मुलीला या तारखेचा उपयोग निश्चित होईल.

योगायोगापलीकडचे साम्य पाहायचे असेल, तर मी मुक्ता साळवे हिचे नाव घेईन. फुले दांपत्याने पुण्यात चालवलेल्या शाळेतील ही विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. आपल्या लोकांवर होणारा अन्याय तिने त्यात थेट शब्दांत मांडला आणि ज्ञान हे त्यावरील औषध असल्याचे सांगितले. शाळेची दारे मुलींसाठी उघडणारी मोठी माणसे थोर आहेतच, पण शाळेत बसलेली मुलगी स्वतः लेखणी उचलते आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेले लिहिते, तेव्हा त्या लेखनाला दुसऱ्या कोणाच्याही वकिलीची गरज उरत नाही. मुक्ताने तेच केले, मलालानेही तेच केले.

घराविषयीही दोन शब्द भाषणात असावेत. युसुफझाईंच्या घराण्याच्या वंशावळीत फक्त पुरुषांची नावे होती, आणि झियाउद्दीन यांनी त्यात आपल्या मुलीचे नाव लिहिले. तिची आई तोर पेकई लहानपणी थोडेच दिवस शाळेत गेली. बरोबरीच्या मैत्रिणी घरी खेळत असताना आपण एकटीने कशाला शिकायचे, असे वाटून तिने पुस्तके विकली आणि त्या पैशांची मिठाई घेतली. प्रौढपणी तिने वाचायला शिकण्याचे ठरवले, आणि पहिल्या धड्यासाठी ती निघणार होती तो दिवस मुलीवर हल्ला झाला तोच होता. आईची ही हकिकत मुलीच्या यशापुढे नेहमी झाकली जाते, याचे मला वाईट वाटते.

डोंगरवाट

वरील दोन्ही प्रतिसाद मला मान्य आहेत, तरी एका मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. गोळीबार भाषणातून काढून टाकू नये. धोका माहीत असूनही ती बोलत राहिली, हे तिच्या धैर्याचे स्वरूप त्या दिवसाशिवाय पूर्ण कळत नाही. फक्त तो प्रसंग चार ओळींत सांगावा, आणि त्यात शाझिया रमझान आणि कायनात रियाझ या तिच्या दोन शाळासोबतिणींची नावे अवश्य घ्यावीत. त्याही त्याच गाडीत होत्या आणि त्याही जखमी झाल्या, पण भाषणांतून त्यांची आठवण क्वचितच निघते.

आपल्या सहकाऱ्यांच्या आक्षेपाविषयी असे सांगता येईल. ती इंग्लंडला गेली ती उपचारांसाठी, १५ ऑक्टोबर २०१२ रोजी, कवटीला आणि कानाला झालेल्या गंभीर दुखापतींसह. तिथे ती बर्मिंगहॅमच्या शाळेत शिकू लागली. ऑक्टोबर २०१४ मध्ये कैलाश सत्यार्थी यांच्यासह तिला शांततेचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा ती रसायनशास्त्राच्या तासाला बसलेली होती. बातमी कळल्यावरही तिने त्या दिवसाचे उरलेले तास पूर्ण केले. पुढे ऑक्सफर्डमधून २०२० मध्ये पदवी घेतली. ज्या हक्कासाठी ती भांडली तो हक्क तिने स्वतः शेवटपर्यंत वापरला, आणि माझ्या दृष्टीने हे पारितोषिकाइतकेच महत्त्वाचे आहे. तिच्या नावाचा निधी निरनिराळ्या देशांत स्थानिक शिक्षण कार्यकर्त्यांना साहाय्य करतो. स्वातशेजारच्या शांगला जिल्ह्यात तिच्या कुटुंबाचे मूळ गाव आहे, आणि तिथे तिच्या मदतीने मुलींची शाळा उभी राहिली आहे. जानेवारी २०२५ मध्ये इस्लामाबादच्या परिषदेत तिने अफगाणिस्तानातील मुलींचा प्रश्न ठामपणे मांडला. तिथे २०२१ पासून सहावीनंतर मुलींना शाळा बंद आहे. हे वाक्य सातवीच्या वर्गात उच्चारले जाईल तेव्हा त्याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.

पाकिस्तानच्या राज्यघटनेत २०१० पासून पाच ते सोळा वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आहे. आपला शिक्षण हक्क कायदाही त्याच वर्षी १ एप्रिलला अमलात आला. मलाला जे मागत होती, ते तिच्या देशाने कागदावर मान्य केलेलेच होते.

वाचनवेडी

आपल्या तिसऱ्या चिंतेबद्दल थोडक्यात लिहिते. तिला शाळेत पाठवणारे वडील, जोखीम पत्करून वर्ग चालवणाऱ्या शिक्षिका, जखमी मुलींना घेऊन रुग्णालयाकडे गाडी पळवणारा चालक, पेशावरमध्ये मध्यरात्रीनंतर शस्त्रक्रिया करून तिचा जीव वाचवणारे लष्करी डॉक्टर, ही सगळी माणसे पाकिस्तानी आणि मुस्लिमच होती. भाषणात त्यांचा उल्लेख केला, तर वेगळी सूचना देण्याची गरज पडणार नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मी हे प्रतिसाद विद्यार्थिनीला वाचून दाखवले आणि तिने भाषण पुन्हा लिहिले. आता त्याची सुरुवात सत्तावीसपैकी अकरा मुली या वाक्याने होते. हे वाक्य तिने स्वतः निवडले, आणि त्याचे कारण मला लगेच कळले. आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर वर्गातील कितीतरी मुले निघून जातात, आणि ३ जानेवारीला माझ्याही वर्गातील बाके अर्धी रिकामी असतात. इथे कुणाचे फर्मान नाही, कारण पूर्णपणे वेगळे आहे, हे मी तिला समजावले आणि तिलाही ते पटले. परंतु हजेरी घेताना नाव पुकारावे आणि उत्तर येऊ नये, हा अनुभव तिच्या ओळखीचा आहे. तिची शेजारीण गेल्या वर्षी कारखान्याच्या भागात गेली ती परतलीच नाही.

तिने मला एक प्रश्न विचारला आहे, त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, म्हणून इथे विचारते. त्या दिवशी न आलेल्या सोळा मुली कुठे गेल्या?

वाचनवेडी

ताई, त्याच नोंदीत थोडे उत्तर आहे. फर्मान निघाल्यानंतर मलालाच्या तीन मैत्रिणी आपापल्या कुटुंबांसह पेशावर, लाहोर आणि रावळपिंडीला गेल्या, असे तिने लिहिले आहे. आपल्या विद्यार्थिनीला नकाशावर ही तीन शहरे दाखवावीत.