दुर्मिळ केस रिपोर्ट: छापायचे कशासाठी?

मोजमाप (धागाकर्ता)

मी डॉक्टर नाही, वैद्यकीय संशोधनातल्या आकडेवारीचं काम करतो. मेडिसिनची जर्नलं चाळताना दर अंकात "अमुक आजाराचं दुर्मिळ रूप", "तमुक औषधानं बरा झालेला रुग्ण" असे मथळे दिसतात. माझं मत स्पष्ट आहे: एकेका रुग्णाच्या या कहाण्या, म्हणजे केस रिपोर्ट, छापणं थांबवावं आणि ती शक्ती चाचण्यांवर, म्हणजे औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या रुग्णांच्या गटांची तुलना करण्यावर, खर्च करावी.

कारण सांगतो. रुग्णाला नवं औषध देतात ते तो सर्वांत वाईट अवस्थेत असताना. कित्येक आजार मुळातच चढतात आणि उतरतात. औषध दिलं, आजार उतरला, रिपोर्ट लिहिला. ज्यांना तेच औषध दिलं आणि काहीच झालं नाही, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. अशा शंभर कहाण्या एकत्र केल्या तरी पुरावा तयार होत नाही, कारण निवडच एका बाजूची असते.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडतात म्हणून एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं देत असत. प्रत्येक डॉक्टरला ईसीजीवर ठोके सुधारलेले दिसत होते. १९८९ मध्ये कास्ट या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा कळलं की औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होते. जे डोळ्यांना दिसत होतं, त्यानंच फसवलं.

---

जुना फिजिशियन

तुमचे उदाहरण उपचाराचे आहे आणि निष्कर्ष मात्र सगळ्याच केस रिपोर्टवर काढलात. हे मान्य नाही.

नवा आजार चाचणीतून कधीच सापडत नाही. ज्याला नावच नाही त्याची चाचणी कोण आखणार? ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद आली. एरवी धडधाकट माणसाला सहसा न होणारा न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया त्यांना झाला होता. एड्सची ती पहिली छापील नोंद. पाच रुग्ण म्हणजे तुमच्या हिशेबात शून्यच.

१९१० मध्ये हेरिक यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या तांबड्या पेशी पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. रुग्ण एकच. सिकलसेल आजाराची पाश्चात्त्य वैद्यकातली पहिली नोंद तीच.

तिसरे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९५५ मध्ये जेरोम कॉन यांनी एका स्त्रीबद्दल लिहिले. रक्तदाब वाढलेला, पोटॅशियम कमी, स्नायूंत अशक्तपणा, आणि मुळाशी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त बनवणारी अॅड्रिनल ग्रंथीची गाठ. अनेक वर्षे आम्ही ते विरळा निदान मानत होतो. पुढे रक्तदाबाच्या रुग्णांत अल्डोस्टेरॉन नेमाने तपासू लागल्यावर दिसले की शंभरांत पाच ते दहा जणांत ते असेच जास्त बनत असते. म्हणजे आजार दुर्मिळ नव्हता, तो शोधणारे दुर्मिळ होते. कॉन यांचा रिपोर्ट "एकाच रुग्णाचा" म्हणून परत पाठवला असता तर?

---

मोजमाप

नव्या आजाराबाबत तुमचं म्हणणं मानतो. पण आज छापले जाणारे बहुतेक रिपोर्ट कॉनसारखे नसतात. "दोन दुर्मिळ आजार एकाच रुग्णात, आजवरचा पहिलाच" हा प्रकार घ्या. समजा दोन्ही आजार दहा हजारांत एकाला होतात आणि एकमेकांशी त्यांचा काही संबंध नाही. मग दोन्ही एकत्र असण्याची शक्यता दहा कोटींत एक. जगाची लोकसंख्या ८०० कोटी धरली तर निव्वळ योगायोगानं अशी सुमारे ८० माणसं असणारच. त्यातला एक भेटला म्हणून आजारांत नातं सिद्ध होत नाही. तरी चर्चेच्या भागात दोघांना जोडणारी रोगप्रतिकारशक्तीची एक लांबलचक साखळी लिहिलेली असते.

---

रेसिडेंट_मेडिसिन

मोजमाप, हा हिशेब मी आमच्या जर्नल क्लबमध्ये मांडणार आहे. आतून सांगते: बरेच रिपोर्ट पुढच्या प्रवेशासाठी, बढतीसाठी लिहिले जातात. यादी वाढते, म्हणून लिहा. त्यात पैसे भरले की काहीही छापणारी जर्नलं आहेत. हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

पण लिहिण्यातून जे शिकायला मिळतं ते कुठल्या व्याख्यानात नाही. ताप कोणत्या दिवशी आला, पुरळ आधी की सांधेदुखी आधी, कोणती तपासणी कशासाठी सांगितली, पहिलं निदान का बदललं, हे क्रमवार मांडायला बसलं की विचारातली भोकं दिसतात.

---

औषधदक्षता

मी औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासते. इथे मोजमाप यांच्याच शास्त्रातला एक नियम त्यांच्या विरोधात जातो.

तीनचा नियम. तीन हजार लोकांच्या चाचणीत एखादा दुष्परिणाम एकालाही झाला नाही, तरी ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की तो हजारात एकापेक्षा जास्त जणांना होत नसावा. तीस हजारांत शून्य असेल तर दहा हजारांत एक. त्याहून विरळ हानी चाचणीला दिसतच नाही. ती वॉर्डात दिसते.

२०२१ मध्ये अॅस्ट्राझेनेकाच्या कोविड लसीनंतर नॉर्वेत पाच आरोग्यसेवकांना मेंदूत किंवा इतर विचित्र जागी रक्ताच्या गुठळ्या झाल्या. त्याच वेळी प्लेटलेट मात्र घसरलेल्या. तिथे तोवर एक लाख तीस हजारांहून अधिक लोकांना ती लस दिली होती. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून आणखी अकरा रुग्णांचा लेख आला. दोन्हीकडे पीएफ-४ या प्लेटलेटमधल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. हे चित्र हेपरिन या गुठळ्या रोखणाऱ्या औषधामुळे होणाऱ्या एका जुन्या गुंतागुंतीसारखं होतं, पण यातल्या कुणाला आधी हेपरिन दिलेलं नव्हतं. या मोजक्या रुग्णांमुळे काही आठवड्यांत सल्ला गेला: अशा रुग्णाला नेहमीच्या सवयीनं हेपरिन देऊ नका, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं) द्या. चाचणीची वाट पाहिली असती तर जीव गेले असते.

१९९७ मध्येही वजन कमी करणाऱ्या फेनफ्लुरामिन-फेंटरमिन जोडीनंतर हृदयाच्या झडपा बिघडलेल्या २४ स्त्रियांचा लेख ऑगस्टमध्ये आला आणि सप्टेंबरमध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून गेलं.

---

मोजमाप

पण घंटा खोटीही वाजते, आणि त्याची किंमत कुणी मोजत नाही.

गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधानं अर्भकांत व्यंग येतं, असं ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर मॅकब्राइड यांचं छोटंसं पत्र डिसेंबर १९६१ मध्ये लॅन्सेट या जर्नलमध्ये आलं. जर्मनीत लेन्झ यांनी नोव्हेंबरमध्येच तो इशारा दिला होता. दोघं बरोबर होते, जगानं त्यांचे आभार मानले. पुढे त्याच मॅकब्राइड यांनी गरोदरपणातल्या मळमळीवरच्या डेबेंडॉक्सवर बोट ठेवलं. एकेका बाळाच्या कहाण्या आणि खटले साचत गेले आणि १९८३ मध्ये उत्पादकानं औषध मागे घेतलं. मोठ्या अभ्यासांत मात्र दोष दिसला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत त्याच दोन घटकांच्या गोळीला पुन्हा मंजुरी मिळाली. मधली तीस वर्षं तिथल्या गरोदर स्त्रिया त्या मंजूर गोळीला मुकल्या. मॅकब्राइड यांनी एका प्रयोगातली आकडेवारी फिरवल्याचं सिद्ध होऊन १९९३ मध्ये त्यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली.

आणि १९९८ चा बारा मुलांचा तो लेख, गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा? लॅन्सेटनं तो २०१० मध्ये मागे घेतला, तोवर लशीवरचा विश्वास उडून गेलेला होता.

---

औषधदक्षता

त्यावर उपाय घंटा काढून टाकणं हा नाही. घंटा वाजल्यावर कुणीतरी जाऊन पाहायला हवं. डेबेंडॉक्सच्या बाबतीत पाहिलं गेलं, पण निकाल ऐकला गेला नाही.

---

दुर्मिळाचा भाऊ

मी डॉक्टर नाही. माझ्या बहिणीला असा आजार आहे की तिच्या डॉक्टरांनी याआधी एकही रुग्ण पाहिलेला नव्हता. त्यांनी दोन जुने केस रिपोर्ट शोधले आणि त्यावरून कोणती तपासणी आधी करायची हे ठरवलं. "चाचण्यांवर शक्ती खर्च करा" हे वाचताना मला विचारावंसं वाटतं, माणसं कुठून आणणार? टायरोसिनिमिया प्रकार १ या जन्मजात दुर्मिळ आजारावर नायटिसिनोन हे औषध वापरल्याचा १९९२ चा पहिला लेख पाच रुग्णांचा होता. आज तोच त्या आजारावरचा मुख्य उपचार आहे.

पण डॉक्टरमंडळींनाही एक सांगायचं आहे. वय, व्यवसाय, गाव, फोटो एकत्र आले की दुर्मिळ आजाराचा रुग्ण लगेच ओळखू येतो. नाव गाळणं पुरेसं नसतं. सही घेताना "शिक्षणासाठी वापरू" इतकंच सांगतात, जगात कुणीही ते वाचू शकेल हे सांगत नाहीत. माझी बहीण हो म्हणाली असती. तिला नीट विचारायला हवं होतं.

---

जुना फिजिशियन

अगदी बरोबर. केस रिपोर्ट कसा लिहावा यासाठी २०१३ मध्ये केअर नावाची मार्गदर्शक सूची आली. घटनांची कालरेषा, रुग्णाचा स्वतःचा दृष्टिकोन आणि माहिती देऊन घेतलेली संमती त्यात आहे. छापण्याआधी मजकूर रुग्णाला वाचायला द्यावा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

---

मोजमाप

दुर्मिळाचा भाऊ, तुमच्या बहिणीच्या बाबतीत माझा आग्रह लागू नाही. जगात पन्नास रुग्ण असलेल्या आजाराला मी हजारांची चाचणी मागणार नाही. नव्या आजाराचे आणि हानीचे रिपोर्टही छापा, हे आता मान्य.

पण साध्या, पुष्कळांना होणाऱ्या आजारात "या औषधानं गुण आला" असा एका रुग्णाचा दावा? तिथे मी हटणार नाही. २०२० मध्ये कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालतं असं डॉक्टर छातीठोकपणे बोलत होते. ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या चाचणीत २८ दिवसांत मृत्यू पाहिले: औषध घेतलेल्यांत २७ टक्के, न घेतलेल्यांत २५ टक्के, म्हणजे फायदा काहीच नाही. त्याच चाचणीत डेक्सामेथासोननं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना लाभ दिसला नाही. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, ही रेषा एका खाटेशेजारी उभं राहून दिसूच शकत नाही.

---

जुना फिजिशियन

मग २००८ चे प्रोप्रॅनोलॉल घ्या. अर्भकाच्या नाकावरची रक्तवाहिन्यांची गाठ. स्टिरॉइडवर असताना हृदयाचा त्रास झाला म्हणून प्रोप्रॅनोलॉल सुरू केले आणि दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग बदलून ती मऊ पडली. तशीच आणखी मुले पाहून अकरा बाळांचे पत्र छापले गेले. २०१५ मध्ये ४६० अर्भकांची चाचणी आली: सहा महिने औषध घेतलेल्यांत ६० टक्के यश, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला नकली डोस, घेतलेल्यांत ४ टक्के. खाटेशेजारीच दिसले होते.

---

मोजमाप

हो, आणि मधल्या सात वर्षांत अशा मोठ्या चाचणीचा निकाल छापलेला नसताना ते औषध जगभर वापरलं गेलं. बरोबर निघालं. कास्टमधली औषधंही अशीच डोळ्यांना पटली होती. पहिल्या दिवशी दोन्ही सारखीच दिसतात, माझी अडचण इथे आहे.

---

रेसिडेंट_मेडिसिन

सर, तुम्हाला आणि मोजमापांना एक विचारते. एका रुग्णावर लिहिताना निदान एवढं करता येईल का: तेच औषध आमच्या विभागात आधी कुणाकुणाला दिलं आणि त्यांचं काय झालं, हे सगळं त्याच लेखात लिहायचं? गुण न आलेलेही धरून.

---

मोजमाप

तसं लिहिलंत तर मी वाचेन, आणि आकडेवारीत मदतही करेन. पण संपादक तो परिच्छेद ठेवतील का?

---

जुना फिजिशियन

मी एका जर्नलसाठी परीक्षण करतो. गेल्या महिन्यात असाच परिच्छेद असलेला लेख आला होता. जागा कमी म्हणून तो परिच्छेद कापायला सांगितला होता. मी संपादकांना लिहिले की कापायचेच असेल तर चर्चेचा भाग कापा. उत्तर अजून आलेले नाही.